चरा, टवका की नुसती धूळ? उच्च-ऊर्जा लेझरच्या काचा तपासण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः एमएस्सी-पीएचडीचे विद्यार्थी, प्रयोगशाळांतले तंत्रज्ञ आणि अधूनमधून लेझर कटिंगच्या शेडमधले ऑपरेटर विचारतात. उत्तरांत कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरची नॅशनल इग्निशन फॅसिलिटी, म्हणजे एनआयएफ, पुन्हा पुन्हा येईल. अणु-संमीलनाच्या प्रयोगांसाठी एका बारीक लक्ष्यावर लेझर झोत मारणारी ही प्रचंड प्रयोगशाळा. काचेवरच्या डागांशी तिथे चाललेली झुंज त्यांनी तपशीलवार लिहून ठेवली आहे, म्हणून तिचंच उदाहरण सोयीचं पडतं.

१. काचेतून प्रकाश आरपार जातो. मग लेझरने काच खराब होतेच कशी?

शुद्ध काच होत नाही, काचेचा पृष्ठभाग होतो. एनआयएफचा झोत शेवटच्या टप्प्यात ३५१ नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनील असतो. त्याच्या एका फोटॉनची ऊर्जा साधारण साडेतीन इलेक्ट्रॉन व्होल्ट. फ्यूज्ड सिलिकातला (या काचा ज्या अतिशुद्ध सिलिकाच्या असतात तिच्यातला) इलेक्ट्रॉन मोकळा करायला आठच्या वर लागतात. हिशेबाने काचेने हा प्रकाश शोषायलाच नको. पण काच घासून, पॉलिश करून तयार होते. त्या घासण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा राहतात, पॉलिशच्या पावडरीचे कण त्यात अडकतात, आणि प्रकाश शोषतात ते हे. काही नॅनोसेकंदांत तिथलं तापमान १०,००० केल्व्हिनच्या घरात जातं, प्लाझ्मा तयार होतो आणि छोटा स्फोट होऊन काचेचा टवका उडतो. उरलेल्या खड्ड्याभोवती नव्या भेगा पडलेल्या असतात. पुढच्या शॉटला, म्हणजे लेझर पुन्हा डागल्यावर, त्या आधीपेक्षा जास्त शोषतात.

२. ‘उच्च ऊर्जा’ म्हणजे किती? आमचा छोटा लेझर यात बसतो का?

काचेला एकूण ऊर्जेशी देणंघेणं नाही. दर चौरस सेंटीमीटरवर किती ज्यूल पडतात, म्हणजे फ्लुअन्स किती, एवढंच तिला कळतं. एनआयएफचे १९२ झोत मिळून १.८ मेगाज्यूल देतात, तेव्हा एका झोताच्या वाट्याला सुमारे ९,४०० ज्यूल येतात. पण झोत जवळपास ३७ सेंटीमीटर चौरस असल्याने फ्लुअन्स सरासरी ७ ज्यूलच्या आसपासच राहतो.

आता तुमच्या टेबलावरचा १०० मिलिज्यूलचा लेझर घ्या. गाऊसियन झोत (मध्ये सर्वांत प्रखर, कडेकडे मंद होत जाणारा), त्रिज्या २ मिमी. मधोमधचा फ्लुअन्स काढायला ऊर्जेची दुप्पट करा आणि पाय (π) गुणिले त्रिज्येच्या वर्गाने भागा. उत्तर येतं १.६ ज्यूल. भिंगाने त्रिज्या अर्ध्या मिलिमीटरवर आणलीत की तोच आकडा सोळापट होऊन २५ वर जातो. त्या जागी आरसा ठेवला असेल तर तुमचा छोटा लेझर एनआयएफपेक्षा निर्दय आहे. विद्यार्थी इथेच चुकतात: सरासरी फ्लुअन्स काढतात आणि मधला शिखराचा आकडा त्याच्या दुप्पट असतो हे विसरतात.

काच किती फ्लुअन्स सोसेल याचा कॅटलॉगमधला आकडा १० नॅनोसेकंदांच्या पल्ससाठी (प्रकाशाच्या एका क्षणिक ठोक्यासाठी) असेल आणि तुमची पल्स १ नॅनोसेकंदाची असेल, तर ही मर्यादा पल्सच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरते असं ढोबळपणे धरा. १० ज्यूलचे ३ होतात. फेमटोसेकंदांना हा नियम लावू नका (प्रश्न १५).

३. डाग काचेच्या पुढच्या बाजूला शोधायचा की मागच्या?

दोन्ही बाजू पाहा, पण सुरुवात मागून करा. प्रकाश जिथून बाहेर पडतो ती बाजू आधी जाते. बाहेर पडताना थोडा प्रकाश आत परावर्तित होतो आणि मूळ लाटेत मिसळून विद्युतक्षेत्र वाढवतो. आत शिरताना याच्या उलट होतं. अपवर्तनांक १.५ असलेल्या, कोटिंग नसलेल्या काचेत मागच्या पृष्ठभागावरची तीव्रता पुढच्यापेक्षा सुमारे १.४४ पट असते. वाढीचा स्वभावही वेगळा. पुढच्या बाजूचा डाग साधारण सरळ रेषेत वाढतो, मागचा चक्रवाढ व्याजाने.

४. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा डाग. त्याची एवढी धास्ती कशाला?

आज तो अडवतो त्या प्रकाशाचा विचार केला तर धास्ती खरंच नको. ४० सेंटीमीटर चौरस काचेवर ०.१ मिमीचा डाग क्षेत्रफळाने दीड कोटीवा हिस्साही नसतो. प्रश्न वाढीचा आहे. समजा, ५० मायक्रॉनचा डाग दर पाच शॉटला दुप्पट होतो. पंचवीस शॉटनंतर तो १.६ मिमीचा झालेला असेल. हा आकडा केवळ समजण्यासाठी. खरा वेग फ्लुअन्सवर आणि पल्सवर ठरतो. पण चक्रवाढीत सुरुवातीचे शॉट गाफील ठेवतात आणि शेवटचे काच खाऊन टाकतात, हे खरंच तसं होतं. म्हणून ‘डाग केवढा’ यापेक्षा ‘गेल्या वेळेपेक्षा केवढा’ हे विचारायची सवय लावा. कॅमेरा, सॉफ्टवेअर, नोंदवही हे सगळं त्या एका तुलनेसाठी आहे.

दुसरं कारण म्हणजे डागाची सावली साधी नसते. त्याच्या कडेने प्रकाश वळतो, पुढे कड्याकड्यांची नक्षी बनते आणि त्यातल्या एखाद्या कड्यावर फ्लुअन्स मूळच्यापेक्षा जास्त असतो. ते कडं पुढच्या काचेवर पडलं की तिथे नवा डाग पडू शकतो (प्रश्न १८).

५. तपासायला महागडी यंत्रणा नाही. साध्या साधनांनी काय करता येईल?

पुष्कळ. आधी लेझर बंद करा आणि चावी खिशात ठेवा. टेबलावर ठेवू नका, खिशातच. चालू झोतात डोळा घालून डाग शोधण्याची हौस कोणीही करू नये, लेझरपासून बचावाचा चष्मा असला तरी.

खोलीत अंधार करा. मागे काळा कागद किंवा काळं कापड लावा. एलईडी टॉर्च बाजूने, काचेला जवळजवळ चिकटून, तिरका धरा, म्हणजे टॉर्चचा प्रकाश थेट डोळ्यांत येणार नाही. चांगली काच काळी दिसते. जिथे चरा, खड्डा किंवा कण आहे तिथे प्रकाश विखुरतो आणि ठिपका चमकतो. यालाच डार्क फील्ड म्हणतात. उन्हाच्या कवडशात घरातली धूळ दिसते तसंच. काचेच्या कडा पॉलिश केलेल्या असतील तर टॉर्च कडेलाच टेकवून पाहा. प्रकाश काचेच्या आत उसळ्या खात राहतो, बाहेर निघतो तो दोषाजवळच.

फोन स्टँडवर ठेवून फोटो काढा. तारीख, काचेचा क्रमांक, वरची बाजू कोणती आणि टॉर्च कुठे होता, हे लिहून ठेवा. टॉर्चची जागा बदलली तर दोन फोटोंची तुलना होत नाही. मी स्वतः दोन वर्षांचे फोटो या एका चुकीपायी फुकट घालवले आहेत. सूक्ष्मदर्शक असेल तर नोमार्स्की प्रकारचा घ्या. पृष्ठभागाचे बारीक उंचवटे आणि खळगे त्यात उठून दिसतात.

६. दिसतंय ते धूळ आहे की डाग, कसं ओळखू?

कोरड्या, गाळलेल्या नायट्रोजनचा हलका झोत मारा आणि पुन्हा पाहा. जागचं हललं ते धूळ. तरीही हललं नाही तर काच ९० अंशांनी फिरवा. ठिपका काचेबरोबर फिरला तर काचेवरचा. जागीच राहिला तर तो तुमच्या कॅमेऱ्याचा किंवा टॉर्चच्या प्रतिबिंबाचा आहे. ही युक्ती इतकी साधी आहे की बरेच जण ती करतच नाहीत.

कोणत्या पृष्ठभागावर आहे हे कळायला डोकं डावी-उजवीकडे हलवा. मागच्या बाजूचा डाग पुढच्या ठिपक्यांच्या मानाने सरकतो. सूक्ष्मदर्शकात फोकस खालीवर केलं तरी कळतं. आकारावरूनही अंदाज येतो: टवक्याला तुटक, शिंपल्यासारखी कड आणि भोवती भेगा असतात, कोटिंगचा पोपडा निघाला असेल तर कड पातळ आणि सपाट, ओरखडा लांब. सगळ्यांत भरवशाची खूण मात्र आधीचा फोटोच.

७. काचेच्या पावतीवर ‘२०-१० स्क्रॅच-डिग’ लिहिलंय. म्हणजे २० मायक्रॉनचे ओरखडे?

नाही. दुसरा आकडा मापाचा आहे: डिग १० म्हणजे ०.१ मिमी व्यासाचा खड्डा. पहिला आकडा ओरखडा किती ठळक दिसतो याचा. नमुन्याच्या काचेशेजारी धरून डोळ्यांनी तुलना करून तो दिला जातो. दोन तपासनीसांचे आकडे वेगळे येऊ शकतात. शिवाय हा दर्जा नव्या काचेच्या दिसण्याचा आहे, ती किती लेझर सोसेल याचा नाही. सोसण्याच्या चाचणीसाठी आयएसओ २१२५४ हे वेगळं मानक आहे.

८. एनआयएफमध्ये प्रत्येक शॉटनंतर काचा काढून तपासतात का?

तसं केलं तर वर्षभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शॉट होतील. तिथे मोठ्या काचाच साडेसात हजारांच्या आसपास आहेत आणि शेवटच्या टप्प्यातल्या काचा १० मीटर व्यासाच्या निर्वात गोलाला जोडलेल्या आहेत.

त्यावर त्यांनी काढलेल्या तोडग्याचं नाव फायनल ऑप्टिक्स डॅमेज इन्स्पेक्शन, आद्याक्षरांनी फोडी. (नाव ऐकून आंबा आठवला तर दोष तुमचा नाही.) शॉट झाल्यावर एका लांब दांड्यावरून कॅमेरा गोलाच्या केंद्रात, जिथे एरवी लक्ष्य असतं तिथे, निर्वात न मोडता सरकवतात. तिथून तो वळत वळत प्रत्येक झोताच्या दिशेने उलटा पाहतो. शेवटच्या भिंगाचं फोकस अंतर ७.७ मीटर आहे, म्हणजे काच तेवढ्या लांबून बघायची. काही काचांना कडेने प्रकाश देतात. प्रश्न ५ मधली टॉर्चची युक्ती तीच, फक्त मोठ्या खर्चाची.

एका झोताच्या वाटेत एकामागे एक बऱ्याच काचा असतात: वारंवारता बदलणारे स्फटिक, भिंग, नमुना घेणाऱ्या जाळीची काच, आणि लक्ष्याच्या बाजूला स्वस्तातली, फेकून द्यायची ढाल. कॅमेरा एकेकीवर फोकस करतो. काचांवर मुद्दाम कोरलेल्या खुणा असतात. त्यांच्या आधाराने आजचं चित्र मागच्या चित्रावर बरोबर बसवता येतं आणि अमुक डाग महिन्यापूर्वीचाच तो डाग, हे ठरवता येतं. या खुणा नसत्या तर बाकीची यंत्रणा आंधळीच राहिली असती, असं मला वाटतं.

फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या लेझर मेगाज्यूललाही काचा अशाच गोलाच्या मध्यातून पाहण्याची सोय करावी लागली.

९. चित्रातला एक पिक्सेल ०.१ मिमीचा असेल, तर ५० मायक्रॉनचा डाग कसा दिसतो?

चांदणी दिसते तसा. तारा आपल्या डोळ्यांच्या क्षमतेपेक्षा कितीतरी बारीक असतो, तरी दिसतो, कारण आजूबाजूला काळोख आहे आणि तो चमकतो. काळ्या पार्श्वभूमीवर डागाने विखुरलेला प्रकाश एका-दोन पिक्सेलना उजळवतो. त्या ठिपक्याची एकूण चमक मोजायची आणि आधी सूक्ष्मदर्शकाने मापलेल्या डागांशी ताडून आकाराचा अंदाज करायचा. खूप लहान डागांत हा अंदाज कच्चा असतो. त्यामुळे एका मापावर निर्णय न घेता ओळीने चार-पाच तपासण्यांचा कल पाहावा.

१०. मग डाग आहे की नाही हे संगणकच ठरवतो?

शोधतो संगणक, पण त्याला शोधायला शिकवणं सोपं नव्हतं. ‘अमुक चमकेच्या वरचं सगळं डाग’ असा एकच उंबरठा ठेवला तर काचेच्या उजळ कोपऱ्यात शेकडो खोटे डाग निघतात आणि अंधाऱ्या भागातले खरे सुटतात. एनआयएफच्या पद्धतीत प्रत्येक ठिपक्याची तुलना त्याच्या शेजारच्या भागाशी करतात: भोवतालच्या गोंगाटापेक्षा हा किती वर उठतो? त्यानंतर शिकवलेले वर्गीकरणाचे प्रोग्राम खरा डाग, प्रतिबिंब, धातूच्या चौकटीची चमक आणि दुसऱ्याच काचेवरचा अंधुक डाग अशी निवड करतात.

इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी ‘एआयने डाग ओळखणे’ हा विषय घेणाऱ्यांना एक सांगणं: मॉडेलपेक्षा माणसाने तपासून नावं दिलेली चित्रं गोळा करण्यात जास्त वेळ जाईल. आणि खोटे इशारे कमी करण्याच्या नादात खरा डाग सुटला तर त्याची किंमत प्रश्न ४ मध्ये आहे.

११. डाग सापडला. पुढे काय?

एनआयएफमध्ये दोन पायऱ्या आहेत. आधी झोताच्या उगमापाशी, तो अजून लहान आणि दुबळा असताना, त्या डागाच्या वाट्याचा तेवढाच भाग प्रकाश-झडपेने झाकतात. डागावर सावली पडते, वाढ थांबते, शॉट चालू राहतात. अशा सावल्या किती पाडायच्या याला मर्यादा आहे, कारण तेवढी ऊर्जा कमी होते. मग सोयीने काच काढून दुरुस्तीला नेतात. तिथे कार्बन डायऑक्साइड लेझरने तो भाग उडवून गुळगुळीत शंकूच्या आकाराचा खड्डा करतात. भेगा गेल्या की शोषणही गेलं. खड्ड्याचा आकार महत्त्वाचा. सुरुवातीच्या काही पद्धतींत कडेला उंचवटा राहायचा आणि तो स्वतःच भिंगासारखं काम करून पुढे प्रकाश एकवटायचा. मोठा झालेला डाग असा वाचवता येत नाही.

छोट्या लॅबमध्ये यातलं काही शक्य नाही. झोत काचेच्या कोऱ्या भागावर सरकवा, किंवा काच बदला.

१२. आमच्या काचेवर डाग आहे, पण महिनोन्महिने वाढत नाही. तरी बदलू?

नको, नोंद ठेवत राहा. फ्यूज्ड सिलिकाच्या मागच्या बाजूला ३५१ नॅनोमीटरच्या काही नॅनोसेकंदांच्या पल्सला वाढीचा उंबरठा साधारण ५ ज्यूलच्या आसपास आहे. त्याच्या बऱ्याच खाली असाल तर डाग निपचित पडून राहू शकतो. वारंवारता बदलायला वापरतात त्या केडीपी स्फटिकांच्या आत लेझरने बारीक ठिपके पडतात. तेही सहसा वाढत नाहीत, फक्त थोडा प्रकाश विखुरतात. बहुस्तरी कोटिंगच्या आरशांवर प्लाझ्माने पोळल्यासारखी फिकट खूण उठते, तीही बऱ्याचदा तिथेच थांबते. पण ऊर्जा वाढवायचं ठरलं, तर त्या दिवशी हे सगळे जुने निर्णय रद्द समजा.

१३. डाग कुठेच दिसत नाही, तरी पॉवर उतरत चालली आहे. काचेला तपकिरी झाक आहे.

हा टवका नसून बहुधा साका आहे. बंद किंवा निर्वात डब्यात सिलिकॉन, गोंद, वायरच्या आवरणातून वाफा निघतात. अतिनील झोत त्यांना काचेवर जाळून चिकटवतो. युरोपीय अवकाश संस्थेच्या एओलस उपग्रहाच्या ३५५ नॅनोमीटर लेझरला ही मोठी अडचण होती. तो २०१८ मध्ये उडाला तेव्हा लेझरच्या काचांभोवती कमी दाबाचा ऑक्सिजन ठेवला होता, म्हणजे कार्बन साचण्याआधीच जळून जावा. टॉर्चने हा थर कधी कधी दिसतच नाही. काचेतून आरपार जाणारी पॉवर दर आठवड्याला मोजणं जास्त कामाचं.

१४. काच पुसली आणि डाग वाढले! असं कसं?

कोरडी पुसली असणार. कण तसाच असताना कागद फिरवला की त्याचा ओरखडा होतो. आधी फुंकणी किंवा नायट्रोजन, मग सॉल्व्हंटने भिजवलेला लेन्स टिश्यू एकाच दिशेने, एकदाच, ओढत. तोच टिश्यू परत वापरायचा नाही. तोंडाने फुंकू नका. आणि केडीपीला पाणी तर सोडाच, कोकणातल्या जुलैची हवासुद्धा सोसत नाही.

१५. फेमटोसेकंद लेझरलाही हेच नियम?

अर्धेच. मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) सारख्या ठिकाणी असतात तशा अतिलघु पल्समध्ये तीव्रताच इतकी असते की दोष नसलेली काचही अनेक फोटॉन एकदम शोषते. त्यामुळे मर्यादा बरीच ठरलेली असते. नॅनोसेकंदांसारखा नशिबाचा खेळ कमी. पल्सची ऊर्जा वाढवणारे प्रवर्धक फुटू नयेत म्हणूनच स्ट्रिकलंड आणि मूरू यांनी १९८५ मध्ये पल्स आधी ताणायची, वाढवायची आणि मग आवळायची युक्ती मांडली. तिला २०१८ चं नोबेल मिळालं. तपासणीत पल्स आवळणाऱ्या जाळ्यांकडे आणि त्यापुढच्या आरशांकडे आधी बघा. काचेच्या आत केसासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ते आत्म-केंद्रीकरण (तीव्र प्रकाश काचेत स्वतःच एकवटणं) आहे, पॉलिशचा दोष नाही.

१६. आमचं भोसरीत फायबर लेझर कटिंग आहे. प्रोटेक्टिव्ह ग्लास सारखी जाते.

तुमचा लेझर सलग चालतो, म्हणून स्फोटापेक्षा तापणं हा मुद्दा. पिअर्सिंगच्या वेळी, म्हणजे पत्र्याला पहिलं भोक पाडताना, उडालेला वितळलेला कण ग्लासवर बसतो, तापतो, फोकस सरकतो आणि कटला खाली बर (धातूची खरबरीत कड) येते. कट बिघडला की पॅरामीटर बदलण्याआधी ग्लास काढून तिरक्या उजेडात पाहा. काढताना पंखा बंद ठेवा आणि हेडचं तोंड लगेच टेपने झाका. ग्लास बदलताना शिरलेली धूळ आतल्या लेन्सला खाते, आणि ती लेन्स ग्लाससारखी स्वस्त नाही.

१७. हिंगोलीत औंढा नागनाथला लायगो-इंडिया होतंय. तिथल्या आरशांनाही ही भीती?

ही गुरुत्वीय लहरी शोधणारी वेधशाळा. तिथे पल्स नसते, त्यामुळे टवके उडत नाहीत. पण अमेरिकेतल्या लायगोच्या ३४ सेंटीमीटर व्यासाच्या, ४० किलोच्या आरशांवर शेकडो किलोवॉट प्रकाश फिरत असतो. कोटिंगमधला काही मायक्रॉनचा शोषणारा कण तापून आरशाचा पृष्ठभाग किंचित फुगवतो. तो कॅमेऱ्याने सहजी सापडत नाही; हार्टमन सेन्सरने लहरीच्या आकारातली वाकवण मोजून सापडतो. तेव्हा ‘दिसलं नाही म्हणजे नाही’ हे तिथेही चालत नाही.

१८. खराब काच बदलली. नवीही नेमक्या त्याच जागी फुटली. काच देणाऱ्याशी भांडू का?

थांबा. जागा तीच असेल तर काचेचा दोष असण्याची शक्यता कमी. झोतामध्ये त्या जागी काहीतरी जास्त पडतंय. आधीच्या काचांवर डाग शोधा. त्याच्या सावलीतलं तेजस्वी कडं इथे पडत असेल. मग पुढच्या भिंगांवरून मागे येणारी परावर्तनं तपासा. वक्र पृष्ठभागावरचा अर्धा टक्का परावर्तित प्रकाशही मागे येऊन एका बिंदूत एकवटला तर पुरतो. भिंग किंचित तिरकं केल्यावर फुटण्याची जागा सरकली, तर गुन्हेगार सापडला.

डाग दरवेळी थोड्या वेगळ्या जागी, पण त्याच पृष्ठभागावर पडत असतील, तर पलीकडून काय उडतंय ते पाहा. एनआयएफमध्ये लक्ष्याचे तुकडे अडवायला ठेवलेल्या स्वस्त ढालीतूनच काचेचे कण मागे उडून महागड्या काचेच्या मागच्या बाजूला बसत होते आणि तिथे डाग पडत होते. शेवटी दोघींच्या मध्ये फ्यूज्ड सिलिकाची आणखी एक काच घालावी लागली.

हे सगळं तपासून झालं आणि झोताच्या फोटोत त्या जागी काहीच वावगं दिसलं नाही, तर दोन्ही फुटलेल्या काचांचे फोटो, फ्लुअन्सचा हिशेब (शिखराचा, प्रश्न २) आणि पल्सची लांबी घेऊन विक्रेत्याला फोन करा.